तुमचे मासे धुपानं मेले नाहीत

अहो, तुमचं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. तेरा दिवस पुढच्या खोलीत तुमच्या फोटोशेजारी धूप जळत होता, सकाळ-संध्याकाळ, आणि तोही बेताचा नाही. वन्सं आल्या आहेत, त्यांच्या हाताला मोजमाप नाही. निखाऱ्यावर मूठभर टाकायच्या आणि खोलीत माणसाला माणूस दिसायचं नाही. टाकी तिथून चार हातांवर. मी कुणाला काही बोलले नाही. भेटायला येणाऱ्यांना पाणी देता देता तुमचे मासे तेवढे मोजत होते. दोन पट्टेवाले, एक पिवळा आणि ती कोळंबी. चौघंही जिवंत आहेत, चौघंही खातायत.

हे मला तुम्हालाच सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग? खटला तुम्ही चालवलात, आरोपी मी होते, आणि शिक्षाही मीच भोगली. तीन वर्षं या घरात देवापुढे धूप लागला नाही. मी मागच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी राहून, वाटीत निखारा घेऊन, चोरासारखी धूप दाखवत होते. देव आत आणि धूप बाहेर. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, कुणाला दाखवतेस गं? मी म्हटलं, चादरींना.

कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला त्या वर्षी टाकी आपल्याकडे आली. मोहोपाड्याच्या कॉलनीत तेव्हा लोकांच्या घरी एकेक करून टीव्ही येत होते. आपल्याकडे समुद्र आला. कुणाच्या तरी टेंपोत कॅन टाकून तुम्ही अलिबागकडे जायचात आणि पाणी भरून आणायचात. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गोडसर होतं म्हणून मे महिन्यातच गॅलरीत ड्रम भरून ठेवलेले असायचे. पापड वाळत घालायला जागा उरायची नाही. मी कुरकुरले की तुम्ही म्हणायचात, अगं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. तो चार महिन्यांचा प्रश्न दरवर्षी यायचा.

तरी मला ती टाकी आवडायची, हे तुम्हाला माहीत होतं. मुंबईचा तो दुकानदार रामेश्वरच्या बाजूनं जीव मागवायचा. तुम्ही ते पिशवीत घालून, शर्टाच्या आत पोटाशी धरून आणायचात, पाणी गार पडू नये म्हणून. आल्या आल्या मला हाक. मी पिठाच्या हातानं धावत यायची. समुद्रफुलात मासा राहतो आणि ते फूल त्याला काही करत नाही, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन पोळ्या तव्यावर जळाल्या. तुम्ही त्या जळक्या पोळ्या कौतुकानं खाल्ल्यात. मी मॅट्रिकला गणितात गेलेली बाई, आणि तुम्ही बीएस्सी, कंपनीच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट. पण टाकीसमोर स्टुलावर बसून मला एकेक समजावताना तुम्ही कधी हात राखून सांगितलं नाहीत. त्याबद्दल तुमचे उपकार मानते. पुढचं लिहायच्या आधी मानून घेते, कारण पुढे मला राग येणार आहे.

मग ती आली. मऊ प्रवाळ. दगडासारखं कडक नाही, हाताला चामड्यासारखं लागणारं. खाली जाड देठ, वर अळंबीसारखी टोपी, आणि त्या टोपीवर शेकडो बारीक फुलं पाण्याबरोबर डुलणारी. फुलं नव्हेत, प्राणी, हे तुम्ही मला दहादा सांगितलंत. दिसायला देखणी, मी नाकारत नाही. कंपनीतून आल्यावर बूट काढायच्या आधी तुम्ही तिच्यासमोर जाऊन उभे राहायचात, म्हणून मी तिला सवत म्हणायला लागले. तुम्हालाही ते नाव आवडलं. माझ्या वाट्याला तिच्या शेजारचं ते हिरवं कडक प्रवाळ आलं, अक्रोडासारखं सुरकुतलेलं, लहानसं. त्याच्याकडे तुमचं लक्षच नव्हतं.

ती आल्यावर दोन-अडीच महिन्यांत पहिला मासा गेला. मग एक शिंपला. मग आणखी एक मासा. पहिल्यांदा तुम्ही वाऱ्याला धरलंत. कारखान्याच्या बाजूनं वारा आला की खिडक्या बंद. भर उन्हाळ्यात आपण दोघं घामानं निथळत बसायचो. पाणी बाटलीत भरून तुम्ही प्रयोगशाळेत नेलंत, जे जे तपासता येईल ते तपासलंत आणि काही सापडलं नाही. वारा निर्दोष सुटला. मग तुमची नजर स्वयंपाकघराकडे वळली. फिनेल बंद, सुकट भाजणं बंद, दिवाळीची चकली शेजारच्या घरी जाऊन तळायची. डासांच्या औषधाचं मला पटलं, ते खरंच वाईट. पण शेवटी सगळं येऊन थांबलं ते माझ्या धुपावर. मासा मेला की तुमचा एकच प्रश्न असायचा, काल धूप लावला होतास? लावला होताच. रोज लावत होते, म्हणून रोज सापडत होते. मासा मेला नाही त्या दिवशी तुम्ही कधी विचारलंत का, काल धूप लावला होतास?

धूप बंद झाला आणि तरीही मासे मरतच राहिले. तेव्हा तुम्ही म्हणालात, भिंतींत मुरलाय.

खरं सांगते, मला त्या दिवशी तुमचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं होतं. इतका शिकलेला माणूस, दिवसभर नळ्या-चंचुपात्रांशी खेळणारा, आणि पुराव्याची ही तऱ्हा. पण याचं कारण मला नंतर कळलं. तुमच्या कामात विष म्हणजे बाहेरून येणारी वस्तू. त्याला नळी असते, झाकण असतं, पिंपावर कवटीचं चित्र असतं. घरात आपण आणून, पोटाशी धरून आणून, ट्यूबलाइटखाली कौतुकानं वाढवलेल्या जिवातून ते निघेल असं तुमच्या मनातच येत नव्हतं.

मी मात्र बघत होते. तुम्ही आठ तास कंपनीत आणि मी दिवसभर टाकीसमोर. वीज गेली की सायकलच्या पंपानं हवा मारत बसणारी मीच ना? मला दिसायचं की तुमची ही सवत महिन्या-दीड महिन्यातून एकदा रुसते. फुलं आत ओढून घेते, अंगावर मेणासारखी चकाकी येते, चार-पाच दिवस तशीच राहते आणि मग ती पातळ कात सुटून पाण्यात तरंगते. त्याच दिवसांत बाकीचे बिघडायचे. कोळंबी कोपरा धरायची, मासे वर येऊन तोंड मारायचे, माझं हिरवं प्रवाळ मिटून जायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी फुल्या मारायला लागले. तिची कात आणि टाकीतलं मरण एकाच आठवड्यात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कोळसा. करवंट्या जाळून, कुटून, धुऊन मी तो डब्यात भरायची आणि पाणी त्यातून फिरायचं. नवा कोळसा घातला की दोन दिवसांत सगळे उघडायचे. जुना झाला की पुन्हा मलूल. धुराचा विटाळ झाला असता तर कात आणि कोळसा कशाला मध्ये आले असते? तुम्हाला कॅलेंडर दाखवलं तर म्हणालात, योगायोग. माझ्या हिरव्या प्रवाळाची तिच्याकडची बाजू आधी पांढरी पडली हे दाखवलं, तर म्हणालात, तिकडे उजेड कमी पडतो.

मागच्या चैत्रात आपण माझ्या माहेरी पोशीरला गेलो होतो, दादाच्या नातवाच्या बारशाला. आठवतंय? दुपारी सगळे ओढ्यावर गेले होते. ओढा आटून डोह तेवढा उरला होता. आमच्या गावची ती जुनी रीत, तुम्ही पहिल्यांदाच बघितलीत. गेळाची फळं दगडावर कुटायची, तो चोथा डोहात कालवायचा, आणि थोड्या वेळानं मासे उताणे होऊन वर येतात. हातानं वेचायचे. खेकड्यांना मात्र काही होत नाही, ते आपले चालत राहतात. मी लहानपणापासून बघत आलेली, मला त्यात नवं काही नव्हतं. पण वरच्या अंगाला दोघंजण माती आणि दगड लावून पाण्याची बारीकशी धार अडवत होते, ते बघून तुम्ही दादाला विचारलंत, हे कशाला? दादा म्हणाला, "दाजी, व्हात्या पान्यात गेळ कुटून काय उपेग नाय. ते निगून जातं. पयलं पानी बांदाय लागतं, मंगच मासा गुंगतो."

मी तिथे पाण्यात पाय सोडून बसले होते आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. समुद्र वाहता आहे. तिथे हिनं काहीही सोडलं तरी लाट घेऊन जाते. आपल्याकडे पाणी बांधलेलं आहे. चार फूट काचेत.

घरी येऊन आठवडाही झाला नसेल, तिनं कात टाकली आणि निळा मासा गेला. तुमचा सगळ्यात लाडका. तुम्ही त्याला तळहातावर घेऊन बसला होतात आणि मला खरंच वाईट वाटत होतं. पण तुम्ही वर न बघता म्हणालात, गॅलरीचं दार उघडं राहिलं असेल, धूर आत आला असेल. मग मात्र माझा तोल गेला. गेळाचं सगळं मी सांगून टाकलं, एका दमात. तुम्ही हसलात. रागावला असतात तर चाललं असतं, तुम्ही हसलात. म्हणालात, "अगं, ते झाड आहे. झाडाला पळता येत नाही, दात नाहीत, म्हणून ते विष करतं. हा प्राणी आहे."

मी म्हटलं, "मंग हिला तरी कुठं पळता येतं? दात हायेत का हिला?"

राग आला की माझ्या तोंडात पोशीर येतं, तुम्हाला ठाऊक आहे. एरवी तुम्ही त्यावर चिडवायचात. त्या दिवशी चिडवलं नाहीत. निळा मासा कुंडीतल्या तुळशीखाली पुरलात, चपला घातल्यात आणि दुसऱ्या पाळीला निघून गेलात, तासभर आधीच. त्या दिवसापासून ते शेवटच्या दिवसापर्यंत, वर्ष उलटून गेलं, तुम्ही या विषयावर चकार शब्द काढला नाहीत. मला वाटलं, तुमच्या लेखी बायकोचं म्हणणं उत्तर देण्याच्या लायकीचंही नाही. मीही तोंड शिवून घेतलं. धूप मागच्या गॅलरीतच राहिला.

एवढंच झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. नवरे असतातच असे, म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा सामंत भाऊजी आले.

प्रयोगशाळेत तुमच्याच टेबलाशेजारी बसणारे. ते टाकीसमोर जाऊन म्हणाले, वहिनी, साहेबांचं डोकं काय होतं. या मऊ प्रवाळाचं त्यांनी किती बारकाईनं शोधून काढलं होतं. मी म्हटलं, काय शोधून काढलं? तर ते मला सांगायला लागले, मला! की हा प्राणी जागचा हलू शकत नाही, त्याला कवच नाही, दात नाहीत, म्हणून तो अंगात विखारी द्रव्यं तयार करतो आणि पाण्यात सोडतो. शेजारी दुसरं प्रवाळ वाढू नये, माशांनी लचका तोडू नये म्हणून. समुद्रात ते वाहून जातं, टाकीत साठतं. कोळसा ते शोषून घेतो. साहेब कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगायचे, आणि काय सुंदर उदाहरण द्यायचे, खेड्यात ओढ्याचं पाणी बांधून गेळ कुटतात ना, त्याचं.

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. भाऊजींना काही कळलं नाही, ते बोलतच होते. गेल्या पावसाळ्यात, ती कात टाकत होती तेव्हाच, तुम्ही टाकीचं पाणी भरून नेलंत. या वेळी नेहमीची तपासणी नाही, तर कसल्याशा द्रावकात घुसळून, तो उडवून, खाली काय राहतं ते बघितलंत. तळाशी तेलकट थर राहिला. दोघांनी वास घेतला. टर्पेंटाइनच्या जातीचा, म्हणाले भाऊजी. राळेत, धुपात असतात त्याच कुळीतलं काहीतरी असावं, असं साहेब म्हणाले आणि कपाळाला हात लावून हसत सुटले. का हसताय विचारलं तर म्हणाले, सामंत, हे घरी बोलू नका. दोन वर्षं तिचा धूप बंद केलाय मी. कुठल्या तोंडानं सांगू?

कुठल्या तोंडानं म्हणजे? ज्या तोंडानं जळक्या पोळ्या गोड मानून खाल्ल्यात, त्याच. मी काय तुम्हाला फाडून खाणार होते? दोन दिवस बोलून दाखवलं असतं, मान्य आहे. चार दिवस म्हणा. वन्संना पत्र लिहून कळवलं असतं. पण नंतर केव्हातरी मीच हसले असते ना, आणि आपण दोघं मिळून हसलो असतो. तेवढं हसणं तुम्ही सामंतांबरोबर हसून आलात. घरी येऊन गप्प बसलात, आणि मी मागच्या गॅलरीत चादरींना धूप दाखवत राहिले. तुम्हाला ते दाराच्या काचेतून दिसत असणार. दिसत असूनही पेपर वाचत बसलात.

भाऊजी गेल्यावर मला एकेक आठवायला लागलं. गेलं वर्षभर तुम्ही कोळसा आठवड्यातून दोनदा बदलायला लागला होतात. पाणी पिवळं दिसतंय म्हणायचात. पाणी काही पिवळं नव्हतं. करवंट्याही तुम्हीच फोडायला बसायचात, कधी नव्हे ते. तिला उचलून पाणी कोळशाच्या डब्याकडे जातं त्या टोकाच्या कोपऱ्यात नेलंत, आणि माझं हिरवं प्रवाळ वरच्या अंगाला उजेडात आणून ठेवलंत. मला वाटलं, सवतीसाठी मोकळी जागा केली. मी त्यावरूनही टोमणा मारला होता. तो तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेतलात. म्हणजे तुमच्या परीनं तुम्ही कबुली देत होतात, मला ऐकू येणार नाही अशा भाषेत. अहो, मी मॅट्रिक नापास. मला ओळीत लिहून दिलं तरच कळतं. "तुझं बरोबर होतं." तीन शब्द. कोळसा कुटण्यापेक्षा सोपे.

सुतकात पाचव्या दिवशी मी कोळसा बदलला. वन्सं म्हणाल्या, राहू दे गं, आता कोण बघतंय. पण आठव्या दिवशी ती पुन्हा कात टाकायला बसली, आणि मी दर दिवसाआड कोळसा बदलत राहिले. एका हाताला धूप, दुसऱ्या हाताला तिचं विष, आणि मध्ये माझा कोळसा. त्यात कुणी मेलं नाही, हे वर लिहिलंच आहे. तिला टाकून द्यायचा विचार मनात आला होता. नाही टाकलं. तिचा काय दोष? जागचं हलता येत नसेल तर बिचारीनं काय करावं? भाऊजींनी प्रयोगशाळेतलं रुंद तोंडाचं जुनं काचेचं भांडं देतो म्हटलंय, त्यात तिचं बिऱ्हाड वेगळं करीन, खिडकीशी. पाणी तिचं तिला. हे तुम्हीही करू शकला असतात. पण मग मी विचारलं असतं का म्हणून, आणि तुम्हाला सांगावं लागलं असतं.

भाऊजी आले होते ते एक कागद घेऊन. कॉलनीच्या वार्षिक अंकात तुमच्यावर पानभर मजकूर द्यायचाय. त्यांनी लिहून आणला होता, मी फक्त नजर घालायची होती. चांगला लिहिलाय. मध्ये एक परिच्छेद या शोधाचा आहे, कैलासवासी साहेबांनी स्वतंत्र बुद्धीनं कसा लावला त्याचा, गेळाच्या उदाहरणासकट. मी तो कागद दोन दिवस उशाशी घेऊन झोपले. वन्संचं मत पडलं, असू दे, गेलेल्या माणसाला तेवढं श्रेय दिलं तर तुझं काय जातं. तेराव्याला आलेली लेक म्हणाली, आई, तू ठरव.

ठरवलं. तो परिच्छेद मी काढला आणि त्या जागी हे सगळं दिलं. पाणी द्रावकात घुसळून थर तुम्ही काढलात, तो तुमचा, तो मी तुमच्या नावावर ठेवलाय. फुल्या माझ्या, कोळसा माझा, गेळ पोशीरचं. छापून आलं की कॉलनीत घरोघरी वाचतील आणि तुमच्यावर हसतील. तुम्हाला ते मुळीच आवडणार नाही, तुम्ही म्हणाल, चार लोकांत हे काढायची काय गरज होती. गरज तुम्ही आणलीत. मला घरातल्या घरात ऐकायचं होतं.

भाऊजी उद्या सकाळी कागद न्यायला येणार आहेत. तोवर वेळ आहे. यातली एखादी ओळ खोटी वाटत असेल, जास्त वाटत असेल, तर या आणि माझ्यासमोर बसून खोडा. मी खोडू देणार नाही. पण भांडायला तरी या.